दाबाचे चार

बुधवार, रात्री साडेदहा

पिशवी अजून ओट्यावरच आहे. रविवारपासून. सकाळी चहा ठेवताना बाजूला सरकवते, संध्याकाळी पुन्हा तिथंच दिसते. आज शेवटी ठरवलं, लिहून बघू.

रविवारी नेमबाजीची मॅच संपली, सगळे लक्ष्यांचे पुठ्ठे उतरवत होते, तेव्हा रेंजवरचे आजोबा माझ्या गाडीपाशी आले आणि ही कागदी पिशवी माझ्या बॅगेवर ठेवली. "माझ्याकडे पडून होते. तुझ्या ६२७ ला बसतील." एवढंच बोलले आणि गेले. घरी येऊन उघडली. ६२७ म्हणजे माझी आठ गोळ्यांची रिव्हॉल्व्हर, आणि पिशवीत ती एका दमात भरायचे चार स्पीडलोडर. दाबाचे. फिरकीचे नाहीत.

फिरकीचे नाहीत, हेच तीन दिवस डोक्यातून जात नाहीये.

कारण सहज द्यायचे असते तर फिरकीचेच दिले असते. एचकेएस कंपनीचे तसे असतात, फाइव्ह स्टारचे अ‍ॅल्युमिनियमचेही. काडतुसं चेंबरमध्ये घातली की वरचं बटण चिमटीत धरून पिळायचं. सफारीलँडचे दाबाचे, पण ते पाच-सहा गोळ्यांचे. आठ गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरला दाबाचा लोडर हवा असेल तर शोधावा लागतो. म्हणजे आजोबांनी तो शोधला. म्हणजे मला चिमटीत धरून पिळता येत नाही, हे त्यांना माहीत आहे.

उजव्या अंगठ्याच्या बुडाशी दुखतं हे मी कुणाला सांगितलेलं नाही. घरातसुद्धा नाही.

मग कळलं कधी? मी रविवार पुन्हा पुन्हा आठवते. तिसऱ्या स्टेजला, म्हणजे मॅचच्या तिसऱ्या टप्प्याला, खिडकीच्या डावीकडून उजवीकडे जाताना, आठ काडतुसं धरणारी मून क्लिप हातातून निसटून खडीत पडली. वाकले नाही, पट्ट्यावरची पुढची घेतली, बरोबर तेच केलं. बंदूक रिकामी दाखवून म्यानात गेल्यावर आजोबांनी ती क्लिप उचलली, शर्टाला पुसली आणि माझ्या हातात दिली. डाव्या हातात. माझा उजवा हात पुढे आलेला होता तरी डाव्या हातात.

त्या क्षणी लक्षात नाही आलं. आता दुसरं काही आठवतच नाही.

दोष मून क्लिपचा नाही. ६२७ मी घेतली तीच त्या क्लिपांसाठी. पोलादी पत्र्याची पातळ चकती, तिला आठ खाचा. आठही काडतुसं एकदम आत जातात आणि आठही रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर पडतात, एकमेकींना धरून. १९९९ साली अमेरिकन नेमबाज जेरी मिक्युलेक यांनी सहा गोळ्या झाडून, रिव्हॉल्व्हर पुन्हा भरून, आणखी सहा झाडल्या त्या २.९९ सेकंदांत, आणि ते भरणं मून क्लिपचंच होतं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एका चकतीवर जीव जडला.

पण ती चकती भरायची असते शनिवारी रात्री. एकेक काडतूस अंगठ्याने दाबून खाचेत बसवायचं, टक् होईपर्यंत. एका स्टेजला जास्तीत जास्त बत्तीस गोळ्या, म्हणजे चार क्लिपा, हात चुकला तर पाच. सहा स्टेज असल्या की पंचवीस-तीस क्लिपा भरून न्याव्या लागतात. दोनशेच्या वर टक्. दीडशेच्या पुढे अंगठ्यात सुई घातल्यासारखं होतं. रविवारी सकाळी स्टिअरिंगसुद्धा चार बोटांनी धरते. क्लिपा भरायला अवजार मिळतं. पुंगळ्या काढायचं माझ्याकडे आहे, भरायचं घेतलं नाही. घेतलं असतं तर दुखतं हे कबूल करावं लागलं असतं.

बावन्नावं चालू आहे. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा चाप ओढला, त्यामुळे मला उगाच वाटायचं की या खेळात मी अजून लहान आहे. बाकीचे पिस्तूलवाले मॅगझिन टाकतात, नवी चढवतात, झालं. कुणी ना कुणी दर महिन्याला विचारतंच, ऑप्टिक, म्हणजे नेम धरायची काच लावलेलं पिस्तूल का नाही घेत. सोमवारी रात्री मलाही वाटलं, खरंच का नाही? कुणासाठी हा हट्ट? मग रडायला आलं. त्याबद्दल नाही लिहीत.

भावाचा फोन आला होता. कोल्हापुरात नेमबाजी म्हटलं की लोकांना काय ते कळतं. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंतने जागतिक सुवर्ण जिंकलं, २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेने कांस्य. माझं हे पळत पळत नेम धरणं आणि मध्येच रिव्हॉल्व्हर भरणं त्याला समजावून सांगता येत नाही. अंगठ्याचं सांगणार होते. त्याने दिवाळीचं विचारलं आणि राहून गेलं.

दिवाळीवरून आईचा सोऱ्या आठवला.

पितळी, फिरकीचा. वरचा दांडा पिळत पिळत चकली पाडायची. आईचा हातही असाच, उजवाच. एका वर्षी बाबांनी गुपचूप लाकडी दाबाचा सोऱ्या आणला. आईने तो बघितला, कपाटावर ठेवला आणि त्या दिवाळीत पितळीनेच चकल्या केल्या. बाबांशी दोन दिवस धड बोलली नाही. मला तेव्हा आईचा राग आला होता. एवढं प्रेमाने आणलंय, घे की! पुढच्या वर्षी तो दाबाचा सोऱ्या कपाटावरून खाली कसा आला, कुणी काढला, कोण काय बोललं, काहीच माहीत नाही. विचारायचं राहिलं. आता तर

तर काल रात्री पिशवीतला एक लोडर काढला.

पलंगावर रजई पसरली, डमी काडतुसं घेतली. त्याला अंगठा लागतच नाही. आठ काडतुसं ठोकळ्यात उभी करायची, वरून लोडर ठेवून दाबायचा, धरतो. भरताना काडतुसांची टोकं चेंबरमध्ये उतरली की मागून तळहाताने ढकलायचं. मधला भाग एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या, चांदणीवर टेकतो आणि आठही एकदम सुटतात. गोल नाकाच्या गोळ्या सरळ उतरतात. चपट्या असत्या तर काठाला अडल्या असत्या. ३८ स्पेशलच्या काडतुसाला बुडाशी कड असते, त्यामुळे ६२७ ला क्लिप असली काय, नसली काय. ९ मिलिमीटरच्या काडतुसाला तशी कड नसते, त्याची ९२९ रिव्हॉल्व्हर घेतली असती तर हा रस्ताच बंद होता.

पुंगळ्या मात्र आता सुट्या पडतात. नळी नीट वर करून चांदणीच्या दांडीवर एकच जोरदार थाप द्यायची, नाहीतर एखादी पुंगळी चांदणीखाली अडकते. काल दोनदा अडकली. आज एकदाही नाही. तरी वाटतंय, पहिली भरती क्लिपचीच ठेवावी. ती सावकाश करायची असते, टायमर सुरू व्हायच्या आधी. पुढचं सगळं लोडरने.

वेळेचं लिहून ठेवते. क्लिपने ३.१ सेकंद. लोडरने काल ५.८, आज ४.४. एका स्टेजला तीनदा भरायचं म्हणजे चारेक सेकंद गेले, आणि गुणांना वेळेनेच भागतात. वाईट वाटतंय. पण काल यापेक्षा जास्त वाटत होतं.

आजोबा पोलिसात होते तेव्हा पट्ट्याच्या चामडी थैलीत सुटी काडतुसं असायची. बटण उघडलं की सहाही ओंजळीत, मग एकेक भरायचं. १९७० च्या एप्रिलमध्ये न्यूहॉलला कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलचे चार जण मारले गेले, त्यानंतर त्या खात्याने स्पीडलोडर दिले. हे त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, माझ्या क्लिपा हातात घेऊन बघताना. त्यांच्यासाठी ती वस्तू काय असेल याचा मी तीन दिवसांत एकदाही विचार केला नाही. फक्त माझ्या अंगठ्याचा केला.

एक अडचण आहे. मुठीची डावी लाकडी बाजू लोडरला आडवी येते. कानस शोधली, वर्तमानपत्र अंथरलं आणि मूठ सोडवून थोडी तासली. डाव्या हाताने, म्हणून वेळ लागला. बसवून बघितलं. लोडर जातो, पण अजून घासतो.

सोमवारपासून आजोबांना लिहिलेले तीन मेसेज खोडले होते. आभाराचे दोन, एक कसलातरी. आत्ता लिहिलं, "मूठ डावीकडे किती तासू?"

लगेच उत्तर आलं. जागे होते. "आणखी तासू नकोस. रविवारी लवकर ये, सेफ एरियात दाखव. लोडर रिकामा आण, तिथे डमीसुद्धा चालत नाहीत."

अंगठ्याचं त्यांनीही लिहिलं नाही, मीही नाही.

लाकडाचा भुसा अजून ओट्यावर आहे.