आमची वाटचाल : बधिर पायांसाठीची पादत्राणे

वर्धा परिसरात कुष्ठसेवेची परंपरा जुनी आहे. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली, सेवाग्राम आश्रमात गांधीजींनी कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली आणि पुढे बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. आमच्या वडिलांचे पादत्राणांचे छोटेसे दुकान याच मुलखात होते. ज्या कुष्ठरुग्णांना लोक दुकानाची पायरीही चढू देत नसत, त्यांना ते पाटावर बसवून त्यांच्या पायाचे माप कागदावर घेत. आमच्या व्यवसायाचा आरंभ तो एवढाच.

कुष्ठरोगात बोटे आपोआप गळून पडतात, असा समज फार काळ होता. वेल्लोर येथे काम करणारे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, संवेदना गेल्यामुळे रुग्णाला टोचलेले, भाजलेले कळत नाही, तो त्याच जखमेवर चालत राहतो आणि पाय झिजतो तो त्यामुळे. म्हणजे औषधाने रोग बरा झाला तरी बधिरपणा पुष्कळदा कायम राहतो, आणि तेथून पुढचे काम चप्पल करणाऱ्याकडे येते.

या कामाचे नियम नेहमीच्या धंद्याहून वेगळे आहेत. तळपायाला लागणारा थर मायक्रोसेल्युलर रबराचा, म्हणजे एम.सी.आर. या सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचा असतो, अंगठा आणि तर्जनी यांच्यात दाबल्यावर तो निम्मा दबला पाहिजे आणि सोडताच पूर्ववत झाला पाहिजे. त्याखालचा सोल मात्र काटा आत शिरणार नाही इतका टणक लागतो. लहानमोठा कसलाही खिळा कोठेही चालत नाही, कारण तो वर आला तरी घालणाऱ्याला समजणार नाही. म्हणून सारी जोडणी शिलाईने आणि चिकटवण्याच्या सोल्यूशनने करावी लागते. पायातून निसटलेली चप्पलही जाणवत नाही, यासाठी टाचेमागे पट्टा हवा. बोटे वाकडी झालेल्या माणसाला बकल लावता येत नाही, तेथे रुंद वेल्क्रो लावतो. साधे गिऱ्हाईक चप्पल चावली की दुसऱ्या दिवशी भांडायला येते. आमचे गिऱ्हाईक तक्रार करूच शकत नाही, त्यामुळे तपासणीची सगळी जबाबदारी आमच्यावर पडते. वडील वहीत प्रत्येक नावापुढे बाकी रकमेच्या आधी ‘जखम आहे’ किंवा ‘जखम नाही’ असे लिहीत, आणि ज्या वर्षी नव्या जखमा कमी, ते वर्ष चांगले गेले असे मानीत. विक्रीचा आकडा त्यानंतर. ती वही आम्ही आजही तशीच चालवतो.

एक गोष्ट मात्र आम्ही बदलली. या चपला ठरावीक घडणीच्या असत आणि त्या पाहूनच लोक रोग ओळखत, म्हणून काहीजण त्या पिशवीत ठेवून अनवाणी चालत. पायाला जपणारी आणि माणसाला लाजवणारी चप्पल ही अर्धीच सेवा, असे आमचे मत झाले; आतील रचना तीच ठेवून वरचे पट्टे बाजारातील सँडलसारखे, निरनिराळ्या रंगांत करू लागलो.

कुष्ठरोगाचे प्रमाण राष्ट्रीय पातळीवर २००५ अखेर दहा हजारांमागे एकाच्या खाली आले. तरी विदर्भातील काही जिल्ह्यांत नवे रुग्ण आजही आढळतात. दरम्यान मधुमेहामुळे पाय बधिर झालेली मंडळी आमच्याकडे वाढत्या संख्येने येऊ लागली. रोग वेगळा असला तरी तळपायाची गरज बहुतांशी तीच. ही मंडळी रास्त दर देऊ शकतात आणि त्यांच्याकडून मिळणाऱ्या नफ्यातून आम्हाला जुन्या कुष्ठरुग्णांच्या चपलांची दुरुस्ती विनामूल्य करता येते. हा हिशेब फार भरभराटीचा नाही, पण कारागिरांचा पगार वेळेवर होतो.

नवा जोड करून घेण्यास येताना जुना जोड अवश्य सोबत आणावा, अशी आमची प्रत्येकाला विनंती असते. एम.सी.आर. कोठे अधिक दबला आहे हे पाहूनच दाब नेमका कोणत्या जागी पडतो ते ठरवता येते, आणि नव्या जोडात तेवढ्या भागाला आधार देता येतो.