आतले यूएसबी हेडर आणि त्यांची रिकामी बाजू

आज भाचीचा डेस्कटॉप जोडून झाला. प्रोसेसर, रॅम, एसएसडी सगळं नेहमीसारखं बसलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. पण जास्तीत जास्त वेळ ज्यात गेला ती गोष्ट पार्ट्सच्या लिस्टमध्ये कुठेच दिसत नाही, म्हणून तेवढीच लिहून ठेवतोय. मदरबोर्डवरचे आतले यूएसबी हेडर, म्हणजे कॅबिनेटच्या आतल्या यूएसबी वायरी जिथे लागतात ते उघड्या पिनांचे गठ्ठे.

बाहेरचे पोर्ट सगळेच मोजतात, मागे किती, पुढे किती, टाइप सी आहे का. आतले कोणी मोजत नाही आणि हल्ली यूएसबी मागणाऱ्या वस्तू आतच जास्त झाल्यात. या मशीनमध्येच बघा ना, वॉटर कूलरच्या पंपाला हवं कारण त्याचा स्पीड आणि पाण्याचं तापमान सॉफ्टवेअरला कळायला पाहिजे, आरजीबी म्हणजे रंगीत लाइट आणि फॅनच्या कंट्रोलरला हवं, कॅबिनेटच्या पुढच्या दोन यूएसबी २.० पोर्टना हवं, आणि वायफाय कार्डालाही हवं. कार्डाचं ऐकून भाची चक्रावली, ते तर बोर्डावरच्या पीसीआयई स्लॉटमध्ये (कार्ड खोचायच्या खाचेत) बसलंय मग आणि वायर कशाला? तर वायफाय चालतं पीसीआयईवरून आणि त्याच कार्डावरचं ब्लूटूथ चालतं यूएसबीवरून. ती बारीक वायर हेडरला लावली नाही तर वायफाय झकास चालतं, ब्लूटूथ दिसतच नाही आणि लोक उगाच ड्रायव्हर काढून घालून थकतात.

म्हणजे मागणारे चार आणि बोर्डावर यूएसबी २.० चे हेडर दोन. हा मायक्रो एटीएक्स आकाराचा बोर्ड आहे म्हणून निदान दोन तरी, त्याहून छोट्या मिनी आयटीएक्सवर बऱ्याचदा एकच असतो.

टॉर्च मारून हेडर दाखवला तर भाची म्हणाली, "मामा, याची एक पिन तुटलीये." तुटलेली नाही, ती नसतेच. पाच-पाच पिनांच्या दोन ओळी आणि एका टोकाची एक पिन मुद्दाम वगळलेली, म्हणजे प्लग उलटा बसणार नाही. शेजारच्या ऑडिओ हेडरलाही ९ च पिना असतात पण तिथे वगळलेली पिन वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकाचा प्लग दुसऱ्यात सहज जात नाही. जोर लावायची वेळ आली तर थांबायचं आणि पिना मोजायच्या. (जुन्या बोर्डावर फायरवायर नावाच्या वेगळ्या जोडणीचा हेडर असायचा, तो दिसायला अगदी असाच, पिनही तिथलीच गाळलेली, पण त्यात १२ व्होल्ट. कोणी जुनं मशीन उघडणार असेल तर हे डोक्यात ठेवाच.)

आता खरी गंमत त्या दोन ओळींची. एका ओळीत एक पूर्ण पोर्ट असतो. ५ व्होल्ट, डेटाच्या दोन आणि ग्राउंड, झाल्या चार. बहुतेक केबलमध्ये लाल, पांढरी, हिरवी, काळी याच क्रमाने. दुसऱ्या ओळीत तेच चार परत, दुसऱ्या पोर्टसाठी. म्हणजे एक हेडर म्हणजे दोन पोर्ट. मी पंपाच्या केबलचा प्लग भाचीच्या हातात दिला आणि म्हटलं मागून बघ. प्लास्टिकचा ठोकळा पूर्ण नऊ भोकांचा, पण वायरी एकाच ओळीत, दुसरी ओळ कोरी. "मग अर्धा हेडर फुकटच अडवलाय की याने!" हो, अगदी हेच. पंप एक पोर्ट वापरतो आणि दोन पोर्टची जागा घेतो. आरजीबी कंट्रोलरचं तेच, ब्लूटूथचं तेच. दोन्ही ओळी खऱ्या अर्थाने वापरतात ते फक्त कॅबिनेटचे पुढचे पोर्ट.

मला मनापासून वाटतं की हेडर कमी पडले की लोक थेट हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी वस्तू) शोधायला लागतात, त्याआधी ही रिकामी बाजू बघायला हवी. एका हेडरच्या दोन ओळी दोन वेगळ्या प्लगवर काढून देणारी साधी केबल मिळते. त्यात चिप नाही, बिघडण्यासारखं काही नाही, दोन्ही पोर्ट बोर्डाचे स्वतःचे. फक्त घेताना नीट बघून घ्यायची, कारण तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या केबल असतात ज्यात एकाच पोर्टच्या डेटा वायरी दोन ठिकाणी जोडलेल्या असतात आणि त्या चालत नाहीत. एकाच फोनवर दोघं एकदम बोलायला लागल्यासारखं होतं ते, यूएसबीच्या एका पोर्टवर एकच वस्तू बोलू शकते. जास्त हवे असतील तर मध्ये हबची चिप लागतेच.

इथे हिशोब असा झाला की पहिला हेडर पुढच्या पोर्टना अख्खा गेला, दुसऱ्याचे दोन पोर्ट उरले आणि मागणारे तीन. म्हणजे हब लागणारच होता, पण हबलाही वर जायला एकच पोर्ट पुरतो. मग दुसरा हेडर त्या केबलने फोडला, एका बाजूला ब्लूटूथ थेट आणि दुसऱ्या बाजूला हब, हबवर पंप आणि आरजीबी कंट्रोलर.

ब्लूटूथ थेट का, यावर बराच विचार केला. ब्लूटूथ यूएसबीच्या जुन्या फुल स्पीडने म्हणजे १२ एमबीपीएसने बोलतं, आरजीबी कंट्रोलर पण साधारण तसलाच. यूएसबी २.० चा हब वरच्या बाजूला, म्हणजे बोर्डाशी, ४८० एमबीपीएसने बोलतो आणि अशा हळू वस्तूंचं बोलणं तो मधे भाषांतर करून पाठवतो. साध्या हबमध्ये हे काम करणारा भाग सगळ्या पोर्टना मिळून एकच असतो, चांगल्यात प्रत्येक पोर्टला वेगळा. पंपाला आणि लाइटला त्याने काही फरक पडत नाही, पण हेडफोनचा आवाज आणि लाइटचे आदेश एकाच गल्लीतून जायला नकोत असं मला वाटतं. भाची दिवसभर हेडफोन लावून बसणार.

हब घेताना मी एकच अट ठेवली होती, त्याला साटा पॉवरची, म्हणजे पॉवर सप्लायमधून डिस्कला जाणाऱ्या वायरीची, जागा पाहिजे. यूएसबी २.० च्या पोर्टची मर्यादा ५०० मिलीअँपिअर. हबला वेगळी पॉवर नसेल तर त्या ५०० मध्येच सगळ्यांनी भागवायचं आणि नियमाप्रमाणे खालच्या प्रत्येक पोर्टला १०० च मिळतात. नुसत्या डेटापुरता जोडलेला पंप त्यात निभावेल, बाकी सगळ्यांचा भरवसा नाही. साटा पॉवरची दुसरी बाजू अशी की मशीन झोपलं किंवा बंद झालं की ती जाते. हेडरवरचे ५ व्होल्ट मात्र बऱ्याच बोर्डांवर बंद मशीनमध्येही चालू राहतात, म्हणून तर काही जणांच्या कॅबिनेटमधले लाइट शटडाउननंतरही जळत असतात (बायोसमध्ये ईआरपी ही वीज वाचवायची सेटिंग चालू केली की सहसा थांबतं). त्यामुळे ज्याने मशीन जागं करायचंय असं काही हबमागे ठेवायचं नाही.

बाकीचे रस्ते पण बघितले होते. यूएसबी ३.० चा १९ पिनवाला हेडर मोकळा असेल तर त्यातून २.० चे दोन पोर्ट काढणारा अडॅप्टर मिळतो, कारण ३.० च्या प्रत्येक पोर्टमध्ये २.० च्या वायरी वेगळ्या असतातच. पण त्या हेडरचा वेग वाया जातो आणि इथे तो हेडर कॅबिनेटच्या पुढच्या ३.० पोर्टना हवाच होता. शिवाय ती जाड केबल ओढताना वाकडी ओढली तर हेडरच्या पिना वाकतात, तिथे उगाच काढघाल नको. पीसीआयईचं यूएसबी कार्ड ३.० चे पोर्ट वाढवायला छान, पंप आणि लाइटसाठी स्लॉट घालवणं मला पटत नाही. २००० साली आलेलं यूएसबी २.० आतल्या या कामांना अजून भरपूर पुरतं.

सगळं लावल्यावर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यूमध्ये जाऊन डिव्हाइसेस बाय कनेक्शन केलं. हे फार कमी लोक उघडतात आणि यात खरी रचना दिसते, कुठल्या कंट्रोलरखाली रूट हब (म्हणजे बोर्डाचे स्वतःचे पोर्ट), त्याखाली कोण. ब्लूटूथ थेट रूट हबखाली, शेजारी आपला हब आणि त्याच्या पोटात पंप आणि कंट्रोलर. भाचीने फोटो काढून ठेवला, मी हबच्या वायरींना पंप, लाइट अशी नावं लिहून चिकटवली. हबवर दोन जागा अजून मोकळ्या आहेत, तिला पुढे कार्ड रीडर बसवायचाय तो तिथे जाईल.