व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच का नाही काढत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या मराठी स्पेलचेकरच्या ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना उघडा असलेल्या) प्रोजेक्टमध्ये कोणीही नवीन आलं की दुसऱ्या दिवशी हेच, अहो सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर आहेतच ना, मग हे झुलिप का काय ते कशाला? झुलिप म्हणजे आम्ही चर्चेसाठी वापरतो ते चॅट अ‍ॅप.

काढला होता हो. दादरला उडप्याकडे सहा जण भेटलो आणि बिल यायच्या आत ग्रुप तयार. पहिले दोन महिने मस्त गेले, मग आला ऱ्य. म्हणजे 'दुसऱ्या', 'सुऱ्या' यातला तो अर्धा र. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक अक्षराला ठरावीक नंबर देतो त्या पद्धतीत, तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एकतर खाली टिंबवाला ऱ आणि हलन्त, नाहीतर साधा र, हलन्त आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे नावाचं जोडचिन्ह, जे डोळ्याला दिसतच नाही. स्क्रीनवर दोन्ही सेम टू सेम, पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द, त्यामुळे चांगल्या शुद्ध शब्दाखाली आमचा चेकर लाल रेघ मारत बसायचा. दोन रात्री भांडलो आणि ठरवलं की तपासायच्या आधी सगळं एकाच रूपात आणायचं, अमुक ठिकाणी सोडून.

सात-आठ महिन्यांनी एका कॉलेजच्या मुलीने तोच बग पुन्हा काढला. आणि ते 'अमुक ठिकाणी' म्हणजे कुठे, हे कोणालाच आठवेना! ती चर्चा गणपतीचे फोटो आणि "आज मेगाब्लॉक आहे का रे" याच्या खाली कुठेतरी गाडली गेली होती. ती मुलगी तर तेव्हा ग्रुपात नव्हतीच, तिला काय दिसणार कप्पाळ. वर तिच्या नंबरवर ग्रुपातल्या एका महाशयांचे गुड मॉर्निंग सुरू झाले. त्यांना काढलं, पण नंबर गेला तो गेलाच ना.

मग दुसऱ्या चॅटची शोधाशोध. आयआरसी १९८८ पासूनचं, अगदी साधं आणि हलकं, पण कनेक्शन तुटलं की मधलं बोलणं हुकतं, आणि आमची निम्मी जनता डोंबिवली नाहीतर विरार लोकलमध्ये लटकलेली. स्लॅकच्या फुकट प्लॅनमध्ये २०२२ पासून मागचे ९० दिवसच दिसतात, म्हणजे आमचा ऱ्य परत गेला. डिस्कॉर्ड पोरांना आवडतं, पण आतलं बोलणं गूगलला सापडत नाही. मॅट्रिक्स मला मनापासून आवडलं, फायरफॉक्स ब्राउझर बनवणारे मोझिलावालेसुद्धा २०२० मध्ये आयआरसी सोडून तिकडेच गेले, पण होमसर्व्हर म्हणजे काय आणि एन्क्रिप्शनची चावी जपून का ठेवायची हे नव्या माणसाला समजावण्यातच संध्याकाळ जाते.

झुलिपमध्ये चॅनेलच्या आत टॉपिक असतो आणि मेसेज त्याखाली टाकायचा. सुरुवातीला वैताग येतो, "चहाला भेटायचं का" यालाही टॉपिक! पण चार दिवसांनी आलेला माणूस आपल्याला हवा तो टॉपिक उघडून वरपासून वाचतो, चॅनेल तसं उघडं ठेवलं तर लॉगिन न करताही. शिवाय ते स्वतःच ओपन सोर्स आहे, उद्या काही बिनसलं तर आपल्या सर्व्हरवर हलवता येतं. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेची टीम तिथे काम करते. फोनवर मात्र व्हॉट्सअ‍ॅपइतकं सरसर चालत नाही, हे कबूल.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अजून आहे, फक्त कुठे भेटायचं आणि कोणाची लोकल चुकली यासाठी. ऱ्य झुलिपवर. परवाच तिथे कोणीतरी विचारलंय, 'वाऱ्यावर' लाल का येतंय म्हणून.