विजयदुर्गाची तटबंदी आणि मार्चअखेर

"युनेस्कोचे पैशे इले काय?"

विजयदुर्ग बंदरावरच्या चहाच्या टपरीवर हा पहिला प्रश्न. गळ्यात कॅमेरा आणि हातात वही पाहून तिथल्या मंडळींनी मला पुरातत्त्व खात्याचा माणूस समजलं होतं. मी आपला सुट्टी काढून रत्नागिरीहून खाली उतरत आलेला भटका.

आदल्या दिवशी रत्नागिरीत थिबा पॅलेस पाहिला. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी इंग्रजांनी १९१० मध्ये बांधलेला हा वाडा. राजा १९१६ साली तिथेच वारला. राज्य संरक्षित स्मारक असल्यामुळे त्याची जबाबदारी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. सकाळी राजापुरात मृडानीकाठच्या धूतपापेश्वराला गेलो. २०२१-२२ च्या राज्य अर्थसंकल्पात आठ प्राचीन मंदिरांसाठी १०१ कोटी रुपये ठेवले होते, त्यात हे एक. पुढे तळेऱ्याला महामार्ग सोडला आणि काजूच्या मोहोराच्या वासातून खाडीपर्यंत पोचलो.

विजयदुर्गाला तीन बाजूंनी पाणी आणि तिहेरी तटबंदी. शिलाहार राजा भोजाच्या काळातला हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६५३ मध्ये घेतला. १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या हातून तो गेला, तेव्हा समुद्रातून इंग्रजांच्या वॉटसनचं आरमार आणि जमिनीवरून क्लाइव्ह असे दोघे चालून आले होते. आता ते काम लाटा करतात. २०२० च्या पावसाळ्यात तटाचा एक भाग ढासळला होता.

तटावरून चालताना एका सांध्यापाशी मी बराच वेळ बसलो. करंगळीएवढी फट, फटीतून वीतभर पिंपळाचं रोप आणि मूळ मात्र बोटाएवढं जाड. बाजूचा दगड जागचा हललेला. बोट घातलं तर आतला चुना कधीच वाहून गेल्याचं कळत होतं, नुसती ओली माती हाताला लागली. हे रोप दोन वर्षांपूर्वी कुणी उपटलं असतं तर खर्च किती? एका माणसाची अर्ध्या दिवसाची मजुरी. आणखी दहा वर्षांनी याच जागेचं अंदाजपत्रक लाखांत निघेल.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कोकण किनाऱ्यावरचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. पण टपरीवरच्या प्रश्नाचं उत्तर निराश करणारंच. त्या यादीत नाव आलं म्हणून निधी आपोआप येत नाही. सांभाळायचं आपलं आपणच. विजयदुर्ग केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, म्हणजे पैसा दिल्लीहून. खांदेरी राज्याकडे. शिवाय जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी गड-किल्ले, मंदिरं आणि संरक्षित स्मारकांसाठी ठेवायचा, असा राज्याचा निर्णय आहे. कागदावर पैसा अगदीच नाही असं म्हणता येणार नाही.

मग अडतं कुठे? ते टपरीवरच्या एका म्हाताऱ्या गवंड्याने सांगितलं. पंचक्रोशीतल्या एका जुन्या देवळाच्या दुरुस्तीवर तो होता. चुना आधी भिजत घालायचा, मुरवायचा, घाण्यात मळायचा, त्यात गूळ आणि हिरडा. भरल्यावरही तो हवा खात खात महिनोन् महिने घट्ट होत जातो.

"चुन्याक घाई चलना नाय," तो म्हणाला.

आणि सरकारी वर्ष घाईचंच. एप्रिलात वर्ष सुरू, प्रशासकीय मान्यता मिळेपर्यंत पावसाळा लागलेला. चार महिने कामाला हात लावता येत नाही. दिवाळीनंतर निविदा, जानेवारीत कामाचा आदेश आणि ३१ मार्चला बिल. सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराला एवढ्यात चुना मुरवायला वेळ कुठला? त्या देवळावर शेवटी सिमेंट आलं. "एका रात्रीत घट्ट. पन चिरो आतल्या आत सडता." जांभ्यात शिरलेलं पाणी सिमेंटमुळे अडकून बसतं, मग सांधा शाबूत आणि दगडाचाच भुगा. हे मी वाचलं होतं. त्याने टपरीमागच्या कुंपणाचा एक चिरा नखाने खरवडून दाखवला. लाल पीठ खाली पडलं.

माझा आपला भाबडा प्रश्न, निधी दोन वर्षं वापरायची मुभा मिळाली तर? तो हसला. मुभा मिळाली तरी मार्चात काम काढू नका म्हणाला.

"मार्चात माणसा गावनत नाय."

देवगड तालुका हा. मार्चात सगळी माणसं आंब्यावर. त्याच्या स्वतःच्याही बागेत फळ धरलं होतं. चहाचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत. कोपऱ्यात टेकवलेली घळ, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, उचलली आणि आंबे बघायला निघून गेला.