तासाचं सलाईन, दोन दिवसांची राखण

नाशिक, बुधवार रात्र

स्मॉल सेल फुफ्फुसाचा कॅन्सर उलटला की आधी तारीख बघावी. प्लॅटिनमची (कार्बोप्लॅटिनसारख्या औषधाची) शेवटची किमो होऊन सहा महिने उलटून गेले असतील, तर कार्बोप्लॅटिन-इटोपोसाइड ही किमोची जोडी पुन्हा देता येतं. तीन महिन्यांच्या आत उलटला, तर त्यावर विसंबू नये.

टोपोटिकॅन जुनं औषध. सलग ५ दिवस सलाईन, पांढऱ्या पेशी पार ढासळतात. लर्बिनेक्टेडिन हे दुसरं औषध २१ दिवसांतून एकदाच, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ३.२ मिग्रॅ. मालेगावहून येणाऱ्याच्या चार खेपा वाचतात, हेही लहान नाही. न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) १,५०० आणि प्लेटलेट १ लाख असल्याशिवाय मात्र सुरू करू नये.

जीव गुंततो तो टार्लाटामॅब या औषधात. याचं एक टोक कॅन्सरपेशीवरच्या डीएलएल-३ या प्रथिनाला धरतं, दुसरं आपल्याच टी-पेशीला, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीला. दोघी समोरासमोर आल्या की टी-पेशी कॅन्सरपेशीला मारते. २०२५ मध्ये आलेल्या डेल्फी-३०४ चाचणीत यावरच्या पेशंटचं मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले असा काळ) १३.६ महिने निघालं, किमोवर ८.३. या आजारात पाच महिने म्हणजे फार झाले.

पण टी-पेशी खवळल्या की ताप येतो, बीपी उतरतं, ऑक्सिजन घसरतो. म्हणून पहिल्या दिवशी फक्त १ मिग्रॅ, आठव्या आणि पंधराव्या दिवशी १०, मग दर दोन आठवड्यांनी १०. पहिल्या दोन डोसांआधी तासाभरात डेक्सामेथासोन ८ मिग्रॅ. तिन्ही डोसांनंतर १ लिटर सलाईन, चार-पाच तासांत. औषध तासात संपतं, ताप बहुधा अर्ध्या दिवसानं येतो, म्हणजे नेमका मध्यरात्री. पहिल्या दोन वेळा २४ तास वॉर्डात, आणि ४८ तास पुरे होईपर्यंत हॉस्पिटलपासून तासाभराच्या आत, सोबत जागं राहणारं माणूस.

सुरगाण्याच्या पेशंटला दुसऱ्या दिवशी एसटीत बसवून दिलं, तर ही सगळी आखणी वाया. नाशकातच खोली बघावी, डोस ठरायच्या आधी. थर्मामीटर हवाच. १००.४ दिसला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघत बसू नये, लगेच फोन करावा.

या औषधाचा मेंदूवरही परिणाम होऊ शकतो, तो ओळखायला रोज एकच वाक्य लिहून घ्यावं. अक्षर बिघडलं की डॉक्टरांना दाखवावं. लिहिता न येणाऱ्या आजींना नातवंडांची नावं विचारावीत, शंभरापासून दहा-दहा उतरत मोजायला सांगावं.