दुसरा हात

परवा दुपारी पॅसेजच्या भिंतीला पहिला हात मारून पेंटर डबा खायला बसला आणि मी भाच्याचा लाल लेझर घेऊन भिंतीसमोर. एरवी मी सरळ बोट लावते. ‘रंग ओला आहे’ अशी पाटी दिसली की हात शिवशिवतोच. पण भाचा बजावून गेला होता, ‘मावशी, बोट नको, लेझर धर.’

कोरड्या भिंतीवर लेझरचा ठिपका नीट पाहिलात तर तो रवाळ दिसतो. परत येणारे किरण कुठे एकमेकांत मिळतात, कुठे एकमेकांना मारतात, त्याचा तो रवा. ओल्या इमल्शनवर, म्हणजे या पाण्यात कालवलेल्या रंगावर, मात्र तोच ठिपका सायीसारखा गुळगुळीत. आत पाण्यात कण इतके पळत असतात की रवा डोळ्याला पकडताच येत नाही. पाणी उडतं, कण दाटीवाटीने बसतात, मग रवा आधी वळवळतो आणि शेवटी गप्प होतो. प्रयोगशाळेत हीच वळवळ कॅमेऱ्याने टिपतात आणि रंग कितपत वाळलाय ते मोजतात.

आमच्या लहानपणी मोजायची गरजच नसायची. दिवाळीआधी कळीचा चुना पिंपात टाकला की पाणी खदखदायला लागायचं. निवल्यावर आजी त्यात नीळ घालायची. खालची हातभर भिंत माझी. मी जीव तोडून कुंचा फिरवायचे आणि दिसायचं काय, तर नुसती ओली भिंत! रडू यायचं. जेवून येते तो भिंत पांढरीफेक. ओल्या फडक्याने पुसलेल्या फळ्यावर बाईंची अक्षरंही अशीच मागाहून उमटायची. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड वाकवण्याचा आकडा, १.३३, हवेचा जेमतेम १; चुन्याचा त्यातल्या त्यात पाण्याच्या जवळचा. म्हणून चुन्याच्या छिद्रांत पाणी असेपर्यंत उजेड आत शिरतो, हवा भरली की माघारी उधळतो. इमल्शनचं उलटं, ते वाळलं की गडद होतं. त्या शेडकार्डापायी आमच्याकडे दोन दिवस अबोला होता, तो विषय नको.

साडेतीनला रवा जवळजवळ थांबला. की माझाच हात थरथरत होता, कोण जाणे. मी श्वास रोखून बघत होते, तेवढ्यात पेंटर हात पुसत आला, बोटाची मागची बाजू भिंतीला टेकवली आणि म्हणाला,

“सरका ताई, दुसरा हात मारतो.”