तुम्ही विचारलंत म्हणून: जेसीचा राग येत नाही का?

‘बिफोर आय वेक’ मी ज्याला ज्याला बघायला सांगितला, त्याने नंतर मला हेच विचारलं. स्वतःचा गेलेला मुलगा दिसावा म्हणून सांभाळायला आणलेल्या आठ वर्षांच्या मुलाला झोपेचं औषध देते ती बाई! तिचा राग येत नाही का तुला?

येतो. पण तुम्ही राग आला की थांबता, मला थांबता येत नाही.

सिनेमा दिग्दर्शक माइक फ्लॅनगनचा. तो प्रदर्शित करणारी कंपनी 2015 मध्ये दिवाळखोरीत गेली, सिनेमा रखडला आणि अमेरिकेतल्या प्रेक्षकांपर्यंत नेटफ्लिक्सवरून पोचायला 2018 उजाडलं. भुताचा सिनेमा म्हणूनच तो विकला गेला, त्यामुळे बघणारे राक्षसाची वाट बघत बसतात. मला भीती वाटते ती आधीच्या भागाची. सांभाळायला आणलेल्या त्या मुलाची, कोडीची, स्वप्नं खरी होऊन घरात उतरतात, त्यांत जेसीचा गेलेला मुलगा शॉन दिसतो. कोडीने त्याला फक्त फोटोत पाहिलेलं. मग जेसी कोडीला शॉनचे जुने व्हिडिओ दाखवायला बसते, का, तर स्वप्नातला शॉन आणखी शॉनसारखा व्हावा. कोडी खूश होतो, नवी आई आपल्याला जवळ घेऊन बसली म्हणून. तिथे मी सिनेमा थांबवते. दर वेळी.

दादा गेला तेव्हा मी पहिलीत होते. सकाळी डोळे उघडले की आई उशाशी असायची. “आला होता का गं?” सुरुवातीला तो खरंच यायचा. ओट्यावर पेन्सिलीला टोक काढत बसलेला असायचा. मी सांगितलं की त्या दिवशी आई माझी वेणी हळू घालायची, शिरा करायची. नाही आला म्हटलं तर रागवायची नाही, उठून आत जायची. मला झोपायचीच धास्ती बसली. कोडी जागं राहायच्या वस्तू लपवून ठेवतो ना, ते मला कुणी समजावून सांगायला नको.

मग मे महिन्यात अमरावतीहून मावशी आली. आईने मला तिच्यापुढे उभं केलं. “सांग गं मावशीला, दादा काय म्हणाला.” बरेच दिवस तो स्वप्नात आला नव्हता. दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हणाले, “दादाला थंडी वाजते.”

हेच का सुचलं, माहीत नाही.

आई उठली, लोखंडी पेटीतून त्याचा मरून स्वेटर काढला. डांबरगोळ्यांचा वास येत होता. रात्री तो तिने मला घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली. “तू झोपलीस की त्याला पोचेल.” अकोल्याचा मे महिना. गच्चीची फरशी मध्यरात्रीसुद्धा तापलेली असते. मावशी म्हणाली, “ताई, घामोळं उठेल पोरीला.” “एकच रात्र,” आई म्हणाली.

एकच रात्र नव्हती ती. मावशी परत गेली तरी स्वेटर उशाशीच होता. बाबा एका शब्दाने भांडले नाहीत. आईचा डोळा लागला की येऊन माझी बटणं काढायचे आणि पहाटे ती उठायच्या आत परत लावायचे. आम्ही दोघं कधी त्याबद्दल बोललो नाही. त्या रात्री मला दादा नकोसा झाला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पण यातून माझी आई दुष्ट होती असा अर्थ काढणार असाल, तर तो मला मान्य नाही. ती माझ्यासाठी रात्र रात्र जागलेली बाई आहे. तिला मूल दिसत होतं, फक्त दुसरं.

पूर्वी मी तावातावाने जेसीच्या नवऱ्याची, मार्कची, बाजू घ्यायचे. तू या पोराला वापरतेयस, हे तो बायकोच्या तोंडावर ठेवतो. बाबांनी हे करायला हवं होतं, असं मी कितीदा म्हटलंय. आता माझ्याच त्या बोलण्याशी माझं जमत नाही. बाबा भांडले असते तर आई मोडली असती, असं वाटतं. नसतीही मोडली. कदाचित मी मात्र सुटले असते.

शेवट सोपा आहे, हीसुद्धा तुमची तक्रार. असेल. त्या राक्षसामागे कोडीच्या खऱ्या आईचं आजारपण आहे, लहानग्या कोडीला ते कळलंच नव्हतं, आणि अखेर जेसी ते त्याला नीट सांगते. एक मोठं माणूस लहान मुलाशी खरं बोलतं. एवढ्यासाठी मी शेवटाचे सगळे दोष सोडून देते. आमच्याकडे दादा आधी गावाला गेला होता, मग देवाकडे. त्याला कावीळ झाली होती, हे मला कॉलेजात असताना शेजारणीकडून कळलं.

आईला दाखवलास का, असंही विचारता. नाही. तिला जेसी दिसणारच नाही. ती शॉनकडे बघत बसेल, तो क्षणभर हसला तरी तिला पुरेल. ते मला तिच्यापासून हिरावून घ्यायचं नाही. की द्यायचंच नाही? मला खरंच ठरवता येत नाही.